मेलेला ३८० चेनसॉ घरी बांधताना

पहिला पिस्टन मीच मारला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मास्तरीणबाईंच्या सुरात बोलायला लागले की तुम्हाला आठवण राहील.

नाशिकरोडला बिटको चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं टू-व्हीलर स्पेअरचं दुकान आहे. अण्णांचं होतं, आता गल्ल्यावर मी बसते. आरएक्स हंड्रेड, मॅक्स हंड्रेड, चेतक यांच्या रिंगा-पिस्टन विकतच मोठी झाले, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन मला वेगळं शिकावं लागलं नाही. याच भरवशावर निफाडजवळच्या चांदोरीच्या मामेभावानं एक दिवस दुकानात गोणपाट आणून टाकलं. आत स्टिल कंपनीचा एमएस ३८०, म्हणजे झाडं कापायचा पेट्रोलवरचा चेनसॉ, तेलकट भुश्शानं लडबडलेला. दोरी ओढली तर हात सुळकन वर आला, कॉम्प्रेशन म्हणून नाही.

"साडेसहा हजारांत मिळाला, ताई. मालक म्हणाला, फक्त कार्बोरेटरचं काम आहे."

जुन्या मशीनच्या बाजारात "फक्त कार्बोरेटरचं काम आहे" याचा अर्थ "आत काय झालंय ते मला माहीत आहे, तू उघडून बघ" असा असतो.

तरी मशीन घेण्यासारखं होतं. ३८० हा धंदेवाईक लोकांचा सॉ. ७२.२ सीसी, बोर (सिलिंडरचा व्यास) ५२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३४ मिमी. आरएक्स हंड्रेडचा बोर ५० मिमी असतो, म्हणजे हातात धरून चालवायच्या या यंत्राचा पिस्टन त्या मोटरसायकलच्या पिस्टनपेक्षा रुंद आहे. क्रँककेस (क्रँक फिरतो तो इंजिनाचा खालचा डबा) मॅग्नेशियमची आणि उभी दोन भागांत उघडणारी, सिलिंडर वेगळा, प्रत्येक स्क्रू सुटणारा. घरगुती स्वस्त सॉमध्ये निम्मं इंजिन प्लास्टिकच्या पेटीत कोंबलेलं असतं, ते बांधण्यात अर्थ नाही. आधी हा फरक बघा, मग पैसे मोजा.

पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट करा. सायलेन्सर काढा. चार-पाच मिनिटांचं काम आहे. एक्झॉस्टच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारला की पिस्टनची एक बाजू आणि रिंगा दिसतात. पिस्टन गुळगुळीत, त्यावर बारीक आडव्या यंत्राच्या रेघा शाबूत असतील तर मशीन खरंच कार्बोरेटरवर अडलेलं असेल. उभे ओरखडे, अॅल्युमिनिअम पुसल्यासारखं दिसलं तर इंजिन उघडायचंच आहे, भाव त्या हिशेबानं करा. विकणारा सायलेन्सर काढू देत नसेल तर नमस्कार करून परत या. क्रँककेसला तडा, बार (चेन फिरते ती लांब पट्टी) बसतो त्या स्टडांचे आटे मेलेले, मागचं हँडल तुटून एमसीलनं चिकटवलेलं, हेही बघून घ्या. आणि मशीन अस्सल आहे की नक्कल, तेही. ३८० आणि ३८१ च्या चिनी नकला आपल्याकडे ढिगानं फिरतात, रंगही तोच. ओतीव कामाची सफाई आणि केसवरचा नंबर बघितला की फरक लगेच कळतो.

सुट्या भागांचंही याच जागी सांगते. या मॉडेलच्या अस्सल पार्टचे नंबर १११९ नं सुरू होतात, बिलावर ते बघून घ्या. सगळं अस्सल घेतलं तर नव्या मशीनची किंमत होते आणि सगळं नकली घेतलं तर पुन्हा उघडावं लागतं. माझा नियम असा: जे हवा धरतं किंवा फिरतं ते अस्सल, जे नुसतं झाकतं ते कॉपी चालेल. म्हणजे ऑइल सील, इनटेकचं रबर, रिंगा, गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडते ती पिन) लॉकं, कार्बोरेटरचा डायफ्राम, बेअरिंग हे चांगलंच घ्यायचं. वरचं झाकण, हँडलची नळी, एअर फिल्टरचं कव्हर यात पैसे वाचवा.

खोलायला लागण्याआधी जागा करा. मी गच्चीवरच्या खोलीत बसते. स्क्रू ठेवायला आईचं जुनं आप्पेपात्र घेतलं. सात खळगे, प्रत्येकात एका टप्प्याचे स्क्रू, आणि खळग्याच्या क्रमानं मोबाइलवर फोटो. नंतर कितीतरी ट्रे विकत घेऊन पाहिले, आप्पेपात्राची सर कशालाच नाही. हत्यारं फार लागत नाहीत. टॉर्क्स टी-२७ चा लांब टी-हँडल ड्रायव्हर (हा मात्र चांगला घ्या, हलक्या ड्रायव्हरनं स्क्रूचं डोकं गोल झालं की रविवार वाया गेला), प्लगचा पाना, फिलर गेज, प्लास्टिकची हातोडी आणि सुतळीपेक्षा जाड अशी दोन हात नायलॉनची दोरी.

दोरी कशाला? क्लच आणि मॅग्नेट (म्हणजे फ्लायव्हील) सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून. प्लग काढा, पिस्टन एक्झॉस्टच्या भोकाच्या वर येईल इतका चढवा, मग प्लगच्या भोकातून दोरी आत भरा. आधी दोरी भरून मग पिस्टन चढवला तर दोरी पोर्टमध्ये लोंबते आणि काठावर कातरली जाते. लोखंडी काही घालू नका, पिस्टनच्या डोक्याला खड्डा पडतो.

क्लचला उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे सुटायच्या ऐवजी आवळत नेलेले क्लच मी पाहिलेत. मॅग्नेटचा नट मात्र सरळ आट्यांचा. तो पूर्ण काढू नका, क्रँकच्या टोकाशी सपाट येईल इतका सोडा, मॅग्नेटखाली बोटं घालून मशीन किंचित उचलून धरा आणि नटवर पितळेच्या तुकड्यावरून एक नेमका ठोका द्या. सुटतो. नट काढून ठोकला तर क्रँकच्या टोकाचे आटे गेले समजा.

आता मुख्य गोष्ट. सिलिंडर वर उचलला, पिस्टन हातात आला की तो पुसून फेकून देऊ नका. तो वाचा. या सगळ्या लेखात तुम्ही एकच परिच्छेद नीट वाचणार असाल तर हा वाचा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती: कुठूनतरी हवा शिरतेय, नाहीतर कार्बोरेटर गरीब, म्हणजे पेट्रोल कमी देईल असा, लावलेला आहे. चहूबाजूंनी ओरखडे आणि पिस्टनचं डोकं कोरडं, स्वच्छ, काजळी नाही असं असेल तर कुणीतरी ऑइल न घालता नुसतं पेट्रोल भरलं. इनटेकच्या बाजूला पिस्टन मळकट राखाडी, बारीक वाळूनं घासल्यासारखा दिसत असेल तर एअर फिल्टरमधून धूळ जात होती. पिस्टनच्या डोक्याला भोक असेल तर गोष्ट आणखी वेगळी. नवा पिस्टन बसवणं कुणालाही जमतं. जुना कशानं मेला ते शोधणं हे खरं काम आहे, कारण ते कारण अजून मशीनमध्येच बसलेलं असतं.

आमचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनं सोलला होता. म्हणजे हवा. इतकं मला कळलं होतं. तरीही मी चुकले, कशी ते पुढे येतंय.

सिलिंडर वाचवायचा प्रयत्न जरूर करा. आतून जो कडक थर असतो, त्यावर पिस्टनचं अॅल्युमिनिअम वितळून चिकटलेलं असतं, थर स्वतः बहुतेक वेळा शाबूत असतो. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अॅसिड अॅल्युमिनिअम खातं, त्या थराला हात लावत नाही. कापसाची काडी अॅसिडमध्ये बुडवून फक्त चिकटलेल्या पट्ट्यावर फिरवायची. फेस येतो, काळं पाणी उतरतं, पुसायचं, पुन्हा. पोर्टच्या कडांना आणि बाहेरच्या पंखांना अॅसिड लागू देऊ नका, तिथं उघडं अॅल्युमिनिअम आहे. एकाच ठिकाणी फेस थांबतच नसेल तर तिथला थर गेलाय आणि अॅसिड आता सिलिंडरच खातंय. थांबा, सिलिंडर बदला. काम झालं की भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग पुन्हा पाणी आणि लगेच ऑइलचा हात. हातमोजे, चष्मा, आणि हे सगळं उघड्या गच्चीवर. मी एकदा खोलीत दार लावून केलं, दुसऱ्या दिवशी भिंतीवर टांगलेल्या सगळ्या पान्यांवर गंज चढला होता. माझ्या छातीत काय गेलं असेल देव जाणे.

नंतर हिरव्या स्क्रबरनं तिरक्या रेघा उमटतील असं हलकं घासा. नखाला खाच लागत नसेल तर तो सिलिंडर नव्या स्वस्त किटपेक्षा कधीही सरस.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढून बघा. तिथं अजिबात खेळ नको. डावी-उजवीकडे थोडा हलतो, तो हलायलाच हवा. मग क्रँक हातानं फिरवा. रव्यात बोट फिरवल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेलं. आमचा सॉ दोन पावसाळे कुणाच्या तरी गोठ्यात पडून होता, मॅग्नेटच्या बाजूच्या बेअरिंगला गंज आलाच होता. म्हणजे केस फोडणं आलं. तुमची बेअरिंग चांगली असतील तर उगाच फोडू नका, फक्त दोन्ही ऑइल सील बदला आणि पुढे जा.

केसचे स्क्रू काढून प्लास्टिकच्या हातोडीनं क्रँकच्या टोकावर हलके ठोके दिले की दोन भाग सुटतात. मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. मॅग्नेशियम मऊ असतं, जिथं उचकटाल तिथून जन्मभर हवा शिरेल. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. आणि मॅग्नेशियमला कानस किंवा ग्राइंडर लावणार असाल तर तो कीस पेटतो हे ध्यानात ठेवा. पेटलाच तर पाणी टाकायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.

बेअरिंगवरचा नंबर वाचून तोच घ्या, पण त्यापुढे सी-३ असेल तर तेही जुळवा. सी-३ म्हणजे गोट्यांना जास्तीची ढिलाई, गरम झाल्यावर आवळू नये म्हणून. दुकानदार "सगळं एकच असतं, ताई" म्हणतो. मी स्वतः दुकानदार आहे, मला माहीत आहे तो असं कधी म्हणतो.

बसवायची पद्धत स्वयंपाकघरातली आहे. बेअरिंग आणि क्रँक रात्रभर फ्रीझरमध्ये, केस ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांना. धातू तापला की फुगतो, गारठला की आकसतो. बेअरिंग केसमधल्या त्याच्या जागेत नुसतं सोडलं की टक् करून बसतं, हातोडी लागत नाही. मग केस पुन्हा तापवून थंडगार क्रँक त्यात सोडायचा. तुमच्याकडे आठ-दहा सेकंद असतात, म्हणून आधी एकदा थंड्या केसवर हातांची रंगीत तालीम करा. केस ओव्हनमध्ये टाकण्याआधी भांड्याच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. पेट्रोलनं धुतलेली केस ओव्हनमध्ये टाकणं म्हणजे घराला काडी लावणं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला क्रँक मी मटारच्या पिशवीशेजारी ठेवला होता. सकाळी आईनं फ्रीझर उघडला आणि ओरडली, "अगं, हे कशाचं हाड आणलंस?" नंतर ओव्हनमधल्या नानकटाईला ग्रीसचा वास येतोय अशी तक्रार महिनाभर चालली. शेवटी भंगारातून चारशे रुपयांचा जुना ओटीजी आणला. तुम्ही तो आधीच आणा.

केस बंद करून स्क्रू एकाआड एक, समोरासमोरचे आवळले की क्रँक फिरवून बघा. जड फिरत असेल तर क्रँकच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीनं एकच हलका ठोका द्या, तो मध्यावर येतो आणि मोकळा होतो. आमच्या केसमधल्या दोन स्क्रूंचे आटे मेले होते. सिन्नर फाट्याजवळच्या लेथवाल्या काकांनी त्यात हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून दिलं आणि म्हणाले, "पोरी, मॅग्नेशियमला मनगटानं आवळायचं, खांद्यानं नाही." एवढं वाक्य टॉर्क रेंचच्या बरोबरीचं आहे.

रिंग बसवण्याआधी ती एकटी सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. ५२ मिमीच्या बोरला ०.२ मिमीच्या आसपास हवी. फटच नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. रिंगेची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनेवर यायला हवीत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनची लॉकं नेहमी नवीन, त्यांचं उघडं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली, आडवं कधीच नाही. लॉक बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. नाहीतर ते लॉक उडून कुठे जाईल ते सांगायची गरज नाही. नाइलाजानं नवा कॉपी सिलिंडर बसवते तेव्हा मी पोर्टच्या कडांवर बोट फिरवते. कडा ब्लेडसारख्या धारदार असतील तर बारीक कागदानं मारून घेते, नाहीतर त्या रिंगा कातरतात.

सिलिंडर बसवला की प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत, भिंतीला टेकेपर्यंत घाला आणि पिस्टन एकदा वरून फिरवा. तार जिथं चेपली तिथली जाडी मोजा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पिस्टन डोक्याला लागायची भीती, पॅकिंग जाड घ्या.

आता ती माझी चूक.

हवा कुठून शिरते ते शोधायला प्रेशर टेस्ट करतात. कंपनीचं यंत्र महाग, म्हणून मी घरातलं बीपीचं मशीन वापरलं. रबरी फुगा आणि घड्याळ तेवढं घ्यायचं. त्याचं घड्याळ ३०० पर्यंत जातं, म्हणजे ०.४ बार (हे दाबाचं माप, चेनचा बार नव्हे). कंपनीची पद्धत ०.५ बारची आहे, पण गळती पकडायला इतकं पुरतं. एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून सायलेन्सर आवळला. इनटेकचं रबर मात्र मी काढून ठेवलं, कारण ते मध्ये मध्ये येत होतं, आणि सिलिंडरच्या तोंडावरच पट्टी लावली. हवा भरली. काटा हलला नाही. मी खूश. मशीन बांधलं, चालू झालं, मामेभाऊ घेऊन गेला. बांधावरच्या निलगिरीवर दीड टाकी पेट्रोल जळलं आणि पिस्टन पुन्हा चिकटला. पुन्हा एक्झॉस्टच्याच बाजूनं. नव्या पिस्टनचे पैसे मी त्याला परत दिले, तो घेत नव्हता, तरी दिले.

काय झालं होतं? जे रबर तपासायचं तेच मी तपासणीबाहेर ठेवलं होतं. अशा सॉमध्ये हँडल आणि इंजिन यांच्यात हादरे खाणारी रबरं असतात, म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर एकमेकांच्या तुलनेत सतत हलतात. ती हालचाल पेलतं इनटेकचं रबर. आमच्या रबराला क्लॅम्पखाली केसाएवढी चीर होती. मशीन टेबलावर असताना ती मिटलेली, लाकडात दाब दिला की उघडायची, आणि इंजिन फुकटची हवा प्यायचं. जुनं रबर, वर्षानुवर्षांचा हादरा, त्यात आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराला ते मानवत नाही. डोळ्यांनी बघून ती चीर दिसत नव्हती. रबर अंगठ्यांनी ताणल्यावर दिसली.

म्हणून बरोबर पद्धत अशी. इनटेकचं रबर जागेवर ठेवा. कार्बोरेटर बसतो त्या तोंडावर नळी लावलेली पट्टी बसवा आणि हवा तिथून भरा. इम्पल्सची वाट (क्रँककेसमधला दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारं भोक) बंद करा. पिस्टन वरच्या टोकाला ठेवा, म्हणजे इनटेकचा पोर्ट क्रँककेसकडे उघडा राहतो आणि सगळं एकदम तपासलं जातं. काटा निदान २० सेकंद ढळता कामा नये; मी चहा होईपर्यंत थांबते. ढळला तर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: केसचा सांधा, सिलिंडरखालचं पॅकिंग, सील, प्लग, रबर. बुडबुडे जागा सांगतात. आणि हे चालू असताना रबर हातानं हलवा, ताणा, वाकवा. मी पहिल्या वेळी एवढंच केलं असतं तर.

नंतर उलटी, व्हॅक्यूमची टेस्ट. शेजारच्या गॅरेजवाल्याकडे ब्रेकमधली हवा काढायचा हातपंप असतो, तो मागून आणा. ०.५ बार ओढा, २० सेकंदांत ०.३ च्या खाली जाऊ नये. दाबाची टेस्ट पास आणि व्हॅक्यूमची नापास, असं झालं तर नजर ऑइल सीलवर. सीलची ओठासारखी कड आतून दाब आला की शाफ्टला जास्त घट्ट चिकटते, ओढलं की उचलली जाते. इंजिन दोन्ही करतं, म्हणून टेस्ट दोन्ही.

मॅग्नेट बसवताना त्याची चावी खाचेत बरोबर गेली आहे ना ते बघा. कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातली फट ०.२ ते ०.३ मिमी, जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून स्क्रू आवळला की झालं. प्लगची फट ०.५.

कार्बोरेटर खोला, डायफ्राम किट घाला, आतली बारीक जाळी साफ करा, सुईचा छोटा दांडा त्याच्या खोबणीच्या तळाशी समतल आहे ना ते बघा. टाकीतली नळी आणि फिल्टर नवे. एवढंच. कार्बोरेटरवर लोक आठवडे घालवतात, मला त्यात फारसं काही वाटत नाही.

पेट्रोल १ लिटरला २० मिली ऑइल, म्हणजे ५० ला १. ऑइल हवेनं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, डब्यावर जासो एफडी लिहिलेलं. मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका, आणि पावसाळ्यात तर काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ट्यूनिंग करताना बार, चेन आणि क्लचचं कव्हर लावलेलं असलंच पाहिजे. कार्बोरेटरचे एच (पूर्ण वेगाचं पेट्रोल) आणि एल (कमी वेगाचं) हे दोन्ही स्क्रू हलके टेकेपर्यंत आत, मग एकेक फेरा बाहेर. चालू करा, गरम होऊ द्या. एल असा लावा की ॲक्सिलरेटर दाबल्यावर मशीन न अडखळता उठेल. स्लोचा स्क्रू असा की चेन थांबलेली असेल. आता एच, ज्यावर पिस्टनचं आयुष्य आहे. हवेत पूर्ण ॲक्सिलरेटरला आवाज किंचित फाटका, फडफडता यायला हवा. लाकडात घातला की तोच आवाज साफ, एकसुरी व्हायला हवा. ज्यांनी पेट्रोल जास्त झालेली आरएक्स ऐकली आहे त्यांना तो फडफडाट ओळखीचा आहे. हवेतच शिट्टीसारखा स्वच्छ किंचाळत असेल तर मशीन गरीब चाललंय. ऐकायला भारी वाटतं, आणि मरतं. पहिल्या तीन टाक्या हवेत उगाच रेस करू नका, लाकडात चालवा. पहिल्या टाकीनंतर सायलेन्सरचे आणि सिलिंडरचे स्क्रू पुन्हा तपासा.

कापायला लागण्याआधी चेन ब्रेक. चेन फिरत असताना पुढची ढाल मनगटानं ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर बाकी कितीही सुंदर बांधलेलं असू दे, ते मशीन कुणाच्या हातात देऊ नका. बारला काळं, जळकं ऑइल ओततात, ते बंद करा. या सॉवर बहुतेक ३/८ इंची चेन असते, तिला ५.२ मिमीची गोल कानस, ३० अंशांत. आणि शहरात राहत असाल तर अंगणातलं झाड तुमचं असलं तरी ते पाडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. नवं मशीन हातात आलं की माणसाला प्रत्येक फांदी वाळकी दिसायला लागते, म्हणून सांगितलं.

मशीन दुसऱ्यांदा बांधून मी मे महिन्यात मामेभावाला दिलं. डिसेंबरात पहाटे साडेसहाला त्याचा फोन. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, राज्यातला नीचांकी पारा पेपरात निफाडच्याच नावानं येतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला तो विहिरीकडची वाळलेली बाभूळ तोडत होता. "ताई, आवाज बदललाय गं."

मी म्हटलं, बंद कर आधी. थंड हवा दाट असते, तेवढ्याच पेट्रोलला ती जास्त होते. मे महिन्यात उन्हात लावलेला स्क्रू डिसेंबरच्या पहाटे गरीब पडतो. त्याला एचचा स्क्रू डावीकडे आठवा हिस्सा फिरवायला सांगितला, मशीन गरम करून फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. पूर्ण ॲक्सिलरेटर. अजून शिट्टीच होती. आणखी थोडा. मग तो फडफडाट आला.

"बस. आता लाकडात घाल."